क्वामींच्या तळघरातली काडतुसं

डेल्बर्ट स्ट्रूपला या व्यवहारात काय काय सुटणार होतं ते आधी मांडतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की त्याने निव्वळ दयेपोटी हात घातला.

साठेक लोखंडी डबे. हिरवे, लष्करी, झाकणाला रबराची कड असलेले. डब्यांत भरलेली काडतुसं, झाडून सगळी ३०८च्या रायफलीची, आणि सगळी लष्करी पुंगळ्यांची, म्हणजे दारू भरायच्या पितळी नळ्यांची. लष्कर आपल्या पुंगळीच्या बुडात टोपी बसवतं आणि ती निसटू नये म्हणून भोवतीची कड दाबून टाकतं. ती पुंगळी पुन्हा भरायची तर ती कड एकेकीची कापून काढावी लागते. हे काम ज्याने एक दुपार केलंय त्याला विचारा, अंगठ्याची काय दशा होते ते. इथे ते सगळं करून तयार होतं. शिवाय टोप्या. प्रायमर म्हणतात त्यांना, घोडा पडला की ठिणगी देतात त्या. त्या वर्षी, म्हणजे साथीच्या वर्षी, अख्ख्या मोंटानात प्रायमर डोळ्यांना दिसत नव्हत्या. आणि वर गोळ्या, त्याही चांगल्या.

बदल्यात द्यायचं काय? तर शब्द. "आर्डिथ, सप्टेंबर संपायच्या आत तुझं तळघर झाडून देतो." एवढ्यावर हात मिळवले गेले.

आर्डिथ क्वामीला सुटणार होतं ते याहून साधं होतं. तिला जायचं होतं. ऑरिन, तिचा नवरा, मार्चमध्ये गेला. आधीच्या हिवाळ्यात ती लाकडं आणताना पायरीवरून घसरली होती आणि तेव्हापासून कंबर धरूनच चालत होती. यूमाला, वाळवंटात, तिच्या बहिणीने मागची खोली रंगवून ठेवली होती. घराला गिऱ्हाईकही आलं होतं, सिएटलचं एक डेंटिस्ट जोडपं, नदी बघून खुळावलेलं. त्यांची अट एकच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कागद करू, पण तळघर रिकामं हवं.

आणि रिकामं होत नव्हतं ते तळघरच. ऑरिन तीस वर्षं राखीव दलाच्या चांदमारीवर देखभालीला होता. शिपाई गोळ्या झाडून जायचे, मागे पितळेचा सडा. त्यातून त्याला बादल्या भरभरून पुंगळ्या मिळत. लोक निवृत्तीनंतर मासे धरतात, हा तळघरात बसून पुंगळ्या घासायचा, मापाला आणायचा, भरायचा. स्वस्ताईच्या काळात साठा केला, कारण टंचाई येणार हे त्याला ठाऊक होतं. टंचाई आली, पण तो तोवर थांबला नाही.

सामान वाहणाऱ्या कंपनीने सांगितलं, काडतुसं नेत नाही. कचरा डेपोने सांगितलं, फाटकातूनही आत आणू नका. शेरिफच्या ऑफिसातली मुलगी गोड बोलली, एका वेळी एक डबा, तोही वेळ ठरवून, आणि पहिली वेळ ख्रिसमसनंतरची. विकायची तर घरी भरलेली काडतुसं विकायला कारखानदाराचं लायसन्स लागतं. फुकट वाटायची? तिथेच तर खरी गोम होती.

आमच्या दुकानात तेव्हा काउंटरमागची काडतुसांची फळी रिकामी होती. मी तिच्यावर कोंबड्यांच्या खाद्याच्या पाट्या लावल्या होत्या, भगदाड दिसू नये म्हणून. शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला. एका एल्कमध्ये, म्हणजे घोड्याएवढ्या हरणात, घराचा हिवाळा निघतो, आणि लोकांकडे मागच्या वर्षीची चार-पाच काडतुसं उरलेली. रोज सकाळी टपालाची गाडी यायच्या वेळेला पाच-सहाजण दारात उभे, काही आलं का बघायला. अशातच एक दिवस आर्डिथ आली आणि काठी काउंटरला टेकवून म्हणाली,

"तुम्ही सगळे इथे भिकाऱ्यासारखे उभे आहात आणि माझं तळघर फुटायला आलंय. घेऊन जा की रे! पै देऊ नका."

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"ऑरिनची आहेत," ती म्हणाली. "ऑरिनसारखा काटेकोर माणूस या खोऱ्यात दुसरा दाखवा."

"दाखवता यायचा नाही," अर्ल पिंकनी म्हणाला. हा गिरणीत करवतीवर असतो. "पण आर्डिथ, दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही. सख्ख्या बापाचंही नाही."

"मी पस्तीस वर्षं घालतेय."

"तू लग्न केलंस त्याच्याशी. आम्ही नाही केलं."

हशा पिकला, पण कुणी डबा मागितला नाही. आमच्याकडे हे बंधन प्रार्थनेपेक्षा कडक पाळतात. बंदुकीची दारू किती भरली, कुठली भरली, भरताना फोन वाजला होता का, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. नेमबाजी क्लबात दर वसंतात सुरक्षेचा वर्ग असतो, त्यात हा नियम सगळ्यात आधी घोकून घेतात. आणि तो वर्ग घेतो कोण? डेल्बर्ट स्ट्रूप. क्लबाचा सुरक्षा अधिकारी, गेली बारा-पंधरा वर्षं.

डेल्बर्ट त्या दिवशी मागे उभा राहून ऐकत होता. सगळे गेल्यावर तो आर्डिथच्या गाडीपर्यंत गेला आणि तो शब्द दिला. त्याचं गणित चोख होतं. काडतूस वापरायचं नाही, मोडायचं. प्लास्टिकचा एक हातोडा असतो, त्याच्या डोक्यात काडतूस अडकवून ठोकळ्यावर हाणलं की गोळी सुटून येते. मग दारू फेकून द्यायची, आणि पुंगळी, प्रायमर, गोळी आपली. नियम शाबूत, माल घरात.

फक्त एक अडचण होती. साठ डबे दिवसाढवळ्या ट्रकमध्ये चढवले तर गावाला दिसणार. गावाला दिसलं की सगळ्यांच्या डोक्यात हाच हातोडा उजाडणार, आणि मग वाटेकरी. म्हणून डेल्बर्टने तळघर झाडायला काढलं ते चमच्याने. रविवारी चर्च सुटलं की यायचा, आर्डिथकडची दोन ओंडके लाकडं ट्रकमध्ये टाकायची, खाली दोन डबे. लोकांना वाटे, बिचारीची वाळवी लागलेली लाकडं नेतोय.

सप्टेंबर गेला. मी ऑक्टोबरच्या मध्याला आर्डिथकडे कोंबड्यांचं खाद्य टाकायला गेलो, तर अर्ध्याहून जास्त डबे भिंतीला तसेच. आणि डेल्बर्ट जिन्यावर.

"डेल्बर्ट, कागद तीन आठवड्यांवर आलेत," आर्डिथ वरून ओरडत होती. तिला जिना उतरवत नव्हता. "सगळे एकदम ने ना! तुझा ट्रक काय दुधाच्या बाटल्या वाहायला घेतलास?"

"होतंय, होतंय. माझी पाठ बघ की."

"तुझी पाठ मी रविवारी चर्चमध्ये बघते. खणखणीत आहे."

"आर्डिथ, ही काय बटाट्याची पोती आहेत? सांभाळून न्यावं लागतं." मग मला पाहिलं आणि त्याने डब्यावर जाकीट टाकलं. मी काही विचारलं नाही. दुकानदाराने विचारायचं नसतं, लक्षात ठेवायचं असतं.

"तो धड नेत नाही, आणि मी दुसऱ्याला सांगू शकत नाही," आर्डिथ मला पोती उतरवताना म्हणाली. "हात मिळवलाय ना त्याच्याशी. दुसरं कोण विचारतंय म्हणा. माझ्या घरात मीच अडगळ झालेय बघ. ते डबे बसलेत आणि मी त्यांची राखणदार."

हंगाम शनिवारी उघडला. त्या शनिवारी दुपारी डेल्बर्ट दुकानात आला तो अर्ध्या तोंडाला पट्टी बांधून. पट्टीबाहेर राहिलेला उजवा गाल मिरपूड भुरभुरल्यासारखा, भुवई जळालेली. डोळा वाचला होता तो केवळ चष्म्यामुळे. काखेत रायफल, त्याच्या बापाची. तिचा बोल्ट, म्हणजे मागचा दांडा, असा रुतून बसलेला की हातोडीने हलेना, आणि लाकडाला मुठीपासून चीर गेलेली.

दुकानात तेव्हा अर्ल होता आणि आणखी चौघे.

"अरे देवा! काय फुटलं?"

"काडतूस."

"ते दिसतंय. कुणाचं काडतूस?"

आता डेल्बर्टची गंमत बघा. उत्तरं तीनच होती, आणि तिन्हींच्या पलीकडे खड्डा. स्वतः भरलेलं म्हणावं, तर सुरक्षा अधिकारी आपल्या हाताने आपलं तोंड भाजतो. ऑरिनचं म्हणावं, तर जो नियम शिकवतो त्यानेच मोडला. उरलं तिसरं, आणि पट्टीच्या आडून त्याने तेच उचललं.

"कारखान्याचं होतं. खोक्यातलं."

मग अर्ल हळूच म्हणाला, "कारखान्याचं? या वर्षी? कुठे मिळालं तुला?"

"जुनं होतं. पडून."

"किती पडून आहे?"

"अरे, माझा गाल बघ की!"

"गाल बघतोय. खोकी किती आहेत?"

त्या संध्याकाळपर्यंत डेल्बर्टच्या अंगणात तीन ट्रक येऊन गेले. कुणी सफरचंदाचा केक घेऊन, कुणी नुसतंच तब्येत विचारायला, आणि जाता जाता गॅरेजच्या खिडकीतून डोकावून. रविवारी चर्चमध्ये एकाने त्याला कोपऱ्यात घेऊन साठेबाज म्हटलं. आमच्याकडे त्या वर्षी चोराला बरं म्हणत, साठेबाजाला नाही. सोमवारी डेल्बर्टने बाजू बदलली. म्हणाला, बरोबर धरलंत, कारखान्याचं नव्हतं. ऑरिनचं होतं. म्हातारीचा बोजा हलका करावा म्हणून नेली थोडी, मोह झाला, एक घातलं रायफलीत. नियम मोडला, शिक्षा मिळाली, आता तुम्ही शिका. असं काही तो बोलला की दोघांनी त्याचा खांदा थोपटला.

मंगळवारी सिएटलहून फोन. घराची दलाल बाई आर्डिथला म्हणाली, गावातली बातमी ऐकून गिऱ्हाईक घाबरलंय. तळघरात रायफली फोडणारी काडतुसं आहेत म्हणे. डबे जाईपर्यंत ते कागद करणार नाहीत, आणि जास्त थांबणारही नाहीत. आणि डबे नेणारा आता गालाला पट्टी लावून घरात बसला होता. दुसरं कुणी त्या घराच्या फाटकापाशी गाडीही उभी करत नव्हतं.

बुधवारी आर्डिथने मला फोन केला. "मला स्ट्रूपकडे सोड. रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा आहे, आणि मला आज पडायचं नाही. आज भांडायचंय."

डेल्बर्टच्या स्वयंपाकघरात त्याची बायको नॅडीन पीठ मळत होती. डेल्बर्ट टेबलाशी, समोर गार झालेली कॉफी. आर्डिथ बसली नाही.

"ऑरिनने भरलेलं फुटलं म्हणतोस?"

"आर्डिथ, मेलेल्या माणसाबद्दल मला काही—"

"मेलेल्या माणसाबद्दल तू सगळ्या गावाला सांगितलंस. मला सांग. डब्यातून काढलंस, तसंच रायफलीत घातलंस?"

"हो."

"तसंच?"

"हो म्हटलं ना."

नॅडीनने पिठाचा गोळा ओट्यावर आपटला. आपटलाच.

"मग ती दीड महिना ठकठक कसली होती रे?" ती म्हणाली. नवऱ्याकडे बघितलंही नाही. "रोज संध्याकाळी गॅरेजमधून ठक, ठक, ठक. माझी आई फोनवर विचारायची, घर दुरुस्त करताय का. आर्डिथ, याने तुझ्या ऑरिनची काडतुसं मोडली. दारू माझ्या गुलाबांना घातली, खत म्हणून. आणि मग स्वतःची भरली. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा डब्यातली ऑरिनची चिठ्ठी वाचून हसत होता, दारू किती भरली ते लिहिलेली. म्हणे, एवढीशी दारू? म्हातारपणी ऑरिन घाबरट झाला."

आता मलाही कळलं, आणि आर्डिथला तर पहिल्या वाक्यालाच कळलं असावं. लष्करी पुंगळीची भिंत बाजारच्या पुंगळीपेक्षा जाड असते. बाहेरून दोन्ही सारख्या, आत जागा कमी. म्हणून दारूही कमी घालायची, नाहीतर दाब वाढून फुटते. डेल्बर्ट जन्मभर बाजारच्या पुंगळ्या भरत आला, आणि पुंगळी लष्करी मिळाली तरी दारू आपली नेहमीचीच घातली, काठोकाठ. दुसऱ्याच्या हातावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून बरोबर भरलेलं काडतूस मोडलं आणि चुकीचं भरलं.

"हे तू वर्गात शिकवतोस ना?" आर्डिथने विचारलं.

"शिकवतो."

"मग गावाला सांग."

"आर्डिथ, माझं या गावात दुसरं आहे काय? गिरणीने काढलं, गुडघा गेला. क्लब आहे तेवढा."

"माझं या गावात काहीच नाही. मला इथून जायचंय, आणि तू मला जाऊ देत नाहीस."

नॅडीनने हात धुतले, जाकीट घातलं आणि मला म्हणाली, "दुकानात जाताय ना? मला पण सोडा. यीस्ट संपलंय." यीस्ट तिने घेतलं, आणि काउंटरपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना ठकठक सविस्तर सांगितली, ठोक्यांसकट.

ऑरिनचं नाव धुऊन निघालं. दुसऱ्याच दिवशी अर्लसकट सातजण आर्डिथच्या दारात हजर. टोप्या हातात. ती इतकी खूश झाली की काठी विसरून दार उघडायला आली.

"न्या रे बाबांनो, न्या. प्रत्येकी सहा-सात डबे. संध्याकाळपर्यंत तळघर मोकळं होईल, मी आत्ता दलालबाईला फोन करते."

"डबे नाही न्यायचे," अर्ल म्हणाला. त्याच्या जाकिटाच्या खिशातून प्लास्टिकचा हातोडा डोकावत होता. "काडतुसं मोडायचीत. तुझ्या गॅरेजात बसू."

"पण आता कळलं ना ऑरिनची चांगली होती? तशीच वापरा!"

"ऑरिनवर पूर्ण विश्वास आहे. पण नियम तो नियम. आणि डेल्बर्टचं बघून तर आता जास्तच."

"मग घरी नेऊन मोडा."

सातजणांनी एकमेकांकडे बघितलं. बघणं फार लांबलं. "वाटणी सगळ्यांसमोर झालेली बरी," एकजण म्हणाला. "उगाच कुणाला जास्त, कुणाला कमी."

आणि मग आर्डिथच्या गॅरेजमध्ये ठकठक सुरू झाली. माणसं कामावरून सुटून येत, थोडा वेळ ठोकत, वाटून घेत, जात. पहिल्या संध्याकाळी कुणीतरी वजनाचा छोटा काटा आणला होता. ऑरिनच्या एका काडतुसातली दारू त्यावर ओतली. मग दुसऱ्यातली. मग दुसऱ्या डब्यातल्या एकातली, मग दहा वर्षांपूर्वीच्या डब्यातली. वजन प्रत्येक वेळी तेच, काटा जागचा हलला नाही. अर्लने टोपी काढली.

"काय माणूस होता," तो म्हणाला. "केसाएवढा फरक नाही." आणि ती दारू बादलीत टाकली.

आर्डिथ दारात ब्लँकेट पांघरून उभी होती. "अरे, तेच काडतूस होतं," ती म्हणाली. "तुम्हाला हवं ते तेच होतं. तुम्ही आता घरी जाऊन ते पुन्हा बनवणार, आणि याच्याइतकं चांगलं बनवणार नाही."

"खरंय," अर्ल म्हणाला आणि पुढचं काडतूस हातोड्यात अडकवलं.

तिने रोज विनवलं. एकदा ओरडलीही. एकदा सगळ्यांना सूप दिलं, पोट भरलं की हात लवकर चालेल म्हणून, तर ते सूप पीत गप्पा मारत बसले. वाटणीवरून दोनदा भांडण झालं आणि दोन संध्याकाळी कोरड्या गेल्या. एका शनिवारी कुणीच फिरकलं नाही, सगळे नवी भरलेली काडतुसं घेऊन डोंगरात. सोमवारी आले ते एल्कच्या गोष्टी सांगत, आणि तिच्यासाठी मांसाचं एक पुडकं घेऊन. दलालबाईचे फोन आधी रोज येत, मग दिवसाआड, मग आले नाहीत.

शेवटचा डबा रिकामा झाला त्या दिवशी खिंडीचा रस्ता बर्फाने बंद होता. डेंटिस्ट जोडप्याने आयडाहोत तळ्याकाठी घर घेतल्याचं दलालबाईने कळवलं, वसंतात पुन्हा बघू म्हणाली. अर्लने तळघर खरोखर झाडून दिलं, कोपरेसुद्धा. आर्डिथ जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून खाली बघत होती. "छान झालं," ती म्हणाली. "आता आत काहीच नाही. मीच तेवढी."

मग मी काउंटरवर बसून जमाखर्च मांडला, तो असा. सातजणांच्या घरी पुंगळ्या, प्रायमर, गोळ्या आणि सहा एल्क, खर्च शून्य. डेल्बर्टचा खर्च बापाची रायफल आणि भुवई, पण सुरक्षा अधिकारी तोच राहिला, कारण वसंतात वर्ग घ्यायला दुसरा कुणी तयार नव्हता. ऑरिनचा खर्च तळघरातली सगळी वर्षं, बादलीत ओतून. आणि उरलेलं सगळं भरलं आर्डिथने, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात लाकडं, त्याच पायरीवरून.